गृहविज्ञानाच्या वर्गात 'स्टार इव्हेंट्स': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' हा विषय शिकवते. गृहविज्ञानाची पदवी आणि बी.एड. दोन्ही महाराष्ट्रातलं. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडायला आलेले पालक चहा घेता घेता या विषयाबद्दल आणि त्यातल्या 'स्टार इव्हेंट्स' या स्पर्धांबद्दल हटकून विचारतात. तिकडच्या शिक्षक मैत्रिणी फोनवर विचारतात ते प्रश्न वेगळे असतात. दोघांनाही मी तीच तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांनी देत आले आहे. ती एकदा सलग लिहून काढली.

ताई, हे म्हणजे आपलं होम सायन्सच ना? पोळ्या लाटायला शिकवायला शाळा कशाला हवी?

मूळ तेच आहे. १८९९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड इथे काही मंडळी जमली आणि घर चालवण्याकडे शास्त्र म्हणून बघायचं असं त्यांनी ठरवलं. पुढाकार होता एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांचा. त्या रसायनशास्त्रज्ञ होत्या, एमआयटीतून पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला; पिण्याच्या पाण्याची तपासणी आणि अन्नातली भेसळ हे त्यांच्या कामाचे विषय. १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमधल्या व्यवसाय शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, त्यात गृहअर्थशास्त्र होतं. १९९४ साली या क्षेत्राने आपलं नाव बदलून 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' केलं. आज यात अन्न आणि पोषण आहे, कापड आणि शिवण आहे, बालविकास, घराची अंतर्गत मांडणी, पैशांचं नियोजन, कुटुंबातली नाती हे सगळं आहे.

आणि पोळ्यांचं म्हणाल, तर पोळी फुगते कारण आतल्या पाण्याची वाफ होते आणि ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचं, जाळं ती धरून ठेवतं. ज्वारीत ग्लुटेन नाही, तरी भाकरी टम्म फुगते. असं कसं, हे माझ्या वर्गात नववीतल्या एका मुलाने विचारलं आणि आमचे दोन तास त्यात गेले. गरम पाण्यात पीठ मळलं की स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकरीला पापुद्रा धरतो, इथपर्यंत मुलं स्वतः तव्यापाशी उभी राहून पोचली. अशा तासासाठी शाळा हवीच.

एफसीसीएलए काय आहे? आणि स्टार इव्हेंट्स?

'फॅमिली, करिअर अँड कम्युनिटी लीडर्स ऑफ अमेरिका' ही या विषयाच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना. १९४५ साली 'फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका' या नावाने ती सुरू झाली. ज्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या तिथे 'न्यू होममेकर्स ऑफ अमेरिका' ही निराळी संघटना होती. १९६५ साली दोन्ही एक झाल्या. आताचं नाव १९९९ पासूनचं. शाळेतल्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि या विषयाची शिक्षिका किंवा शिक्षक चॅप्टरचे मार्गदर्शक असतात. विद्यार्थ्याने हा विषय घेतलेला असावा किंवा आधी घेऊन झालेला असावा, ही सभासदत्वाची अट आहे.

स्टार इव्हेंट्स म्हणजे संघटनेच्या स्पर्धा. 'स्टुडंट्स टेकिंग अॅक्शन विथ रेकग्निशन' या शब्दांवरून 'स्टार'. बहुतेक स्पर्धांत १ ते ३ जणांचा गट चालतो. आठवीपर्यंतची मुलं, नववी-दहावी, अकरावी-बारावी आणि त्यापुढची अशा वेगवेगळ्या पातळ्या असतात. मुलं एखादा प्रकल्प करून त्याची फाइल किंवा मांडणी तयार करतात आणि परीक्षकांपुढे तोंडी सादर करतात. मग परीक्षक प्रश्न विचारतात. आधी विभाग, मग राज्य आणि उन्हाळ्यात राष्ट्रीय परिषद, असा चढता क्रम.

आपल्याकडच्या पालकांना डेका ही व्यवसाय-व्यापाराच्या विद्यार्थ्यांची संघटना माहीत असते, रोबोटिक्स माहीत असतं, स्पेलिंग बी तर तोंडपाठ. हे नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.

स्पर्धाच आहे, तर शाळा सुटल्यावर क्लबमध्ये घ्या. वर्गात सगळ्यांकडून कशाला करून घेता?

सुरुवातीला मीही क्लबमध्येच घेत होते. वर्गात धडे, तीन वाजल्यानंतर स्पर्धेची तयारी. चौघीपाचजणी यायच्या. त्यांना गाडीने न्यायला-आणायला आई किंवा वडील मोकळे असायचे, घरी प्रिंटर असायचा, बोलण्याची भीती आधीच गेलेली असायची. ज्या मुलाला संध्याकाळी धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं, किंवा जो किराणा दुकानात कामाला जातो, तो त्या खोलीत कधी आलाच नाही. आणि बालविकास हा विषय त्या खोलीत बसलेल्यांपेक्षा रोज लहान भावाला जेवू घालणाऱ्या त्या मुलाला जास्त कळत होता. वर्ष संपताना हे माझ्या लक्षात आलं. त्याची खंत मला अजून आहे.

तेव्हापासून मी उलटं करते. प्रकल्प वर्गात, तासाच्या वेळेत, सगळ्यांचा. ज्यांना पुढे स्पर्धेत जायचं असेल ते जातात. स्पर्धेचं मार्गदर्शन पुस्तक फार विचार करून बनवलेलं आहे: काय करायचं, कशाच्या आधारे तपासणार, कुठल्या टप्प्याला काय दाखवायचं, सगळं आधीच लिहिलेलं. या विषयाचे १६ अभ्यासक्षेत्रांचे राष्ट्रीय निकष आहेत आणि स्पर्धा त्यांना जोडलेल्या आहेत. इतकी तयार चौकट फक्त चौघींसाठी वापरणं मला पटत नाही.

मग प्रत्येक मुलाला स्पर्धेत जावंच लागतं का?

नाही. वर्गातले गुण आणि स्पर्धा यांचा एकमेकांशी काही संबंध ठेवायचा नाही. जाणाऱ्याला जादा गुण नाहीत, न जाणाऱ्याचे कापायचे नाहीत.

पाच पायऱ्यांचं नियोजन म्हणतात ते काय? वर्गात ते प्रत्यक्ष कसं चालतं?

पायऱ्या अशा: काय खटकतंय ते ओळखा, उद्दिष्ट ठरवा, योजना आखा, काम करा, मागे वळून तपासा. वाचताना अगदी साध्या वाटतात. खरी मेहनत पहिल्या दोन पायऱ्यांत आहे आणि घाई नेमकी तिथेच होते, म्हणून एक प्रकल्प सविस्तर सांगते.

दहावीतली एक मराठी मुलगी. तिच्या जिवलग मैत्रिणीला सीलिअॅक आहे, म्हणजे गहू पोटात गेला की आतड्याला इजा. वाढदिवसाला सगळे पिझ्झा खायचे आणि ती मैत्रीण घरून आणलेला डबा एका कोपऱ्यात उघडायची. हे तिला खटकलं. तिने वहीत पहिल्यांदा लिहिलं, 'ग्लुटेनबद्दल जागृती करायची.' मी विचारलं, जागृती झाली हे शुक्रवारी तुला कसं कळणार? तिला उत्तर देता येईना. दोन दिवस वाक्य खोडत राहिली आणि शेवटी लिहिलं: 'सहा आठवड्यांत गव्हाशिवाय थालीपीठ बनवायचं, जे शाळेच्या स्वयंपाकघरात एका तासात होईल आणि वर्गातल्या १२ जणांपैकी निदान ९ जणांना आवडेल.' हे मोजता येतं.

घरची भाजणी आजीच्या प्रमाणाने: ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, गहू, धणे, जिरे. तिने गहू काढून टाकला. पहिल्या दिवशी थालीपीठ थापताना कडा उकलल्या, आणि तव्यावरून उचलताना त्याचे तीन तुकडे झाले. तिने तुकड्यांचा फोटो काढून वहीत लावला. दुसऱ्या खेपेला कोमट पाण्याऐवजी कढत पाणी घेतलं. भाकरीचं शास्त्र तिला आठवलं होतं. कडा सुधारल्या, पण गार झाल्यावर थालीपीठ कडक. तिसऱ्या खेपेला उडीद डाळीचं प्रमाण वाढवलं आणि चमचाभर इसबगोल घातलं. उडीद भिजला की बुळबुळीत होतो, इसबगोल पाणी धरून ठेवतं. त्या दिवशी थालीपीठ अखंड उलटलं आणि मधल्या भोकात सोडलेलं तेल सगळीकडे नीट पसरलं. १२ जणांनी ते १ ते ९ च्या मापावर तपासलं. अन्नशास्त्रात आवडनिवड मोजायला हेच नऊ बिंदूंचं माप वापरतात.

मग अडचण आली ती लेबलची. तिने कागदावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलं होतं. अमेरिकेत हा शब्द वापरायचा तर पदार्थात ग्लुटेन दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा कमी असावं लागतं. आणि शाळेच्या ज्या ग्राइंडरमध्ये भाजणी दळली त्यात आदल्या आठवड्यात गहू दळला होता. तिने तो शब्द खोडून 'गव्हाशिवाय' लिहिलं आणि वहीत कारणही लिहिलं. मैत्रिणीला ते थालीपीठ शाळेत खाऊ दिलं नाही. घरी नवं भांडं आणून, धान्य पाखडून-निवडून, वेगळं करून दिलं. वरून तीळ लावायचे होते तेही तिने काढले, कारण वर्गात एकाला तिळाची अॅलर्जी निघाली. १ जानेवारी २०२३ पासून इथे प्रमुख अॅलर्जनच्या यादीत तीळ नववा आहे. आपल्या पदार्थांचा विचार करता ही गोष्ट प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावी. संक्रांतीला शाळेत तिळगूळ पाठवताना तर नक्कीच.

हा प्रकल्प स्पर्धेत गेला नाही. 'फूड इनोव्हेशन्स' या स्पर्धेत दर वर्षी एक ठरावीक परिस्थिती देतात आणि पदार्थ तिच्यात बसवावा लागतो. त्या वर्षीच्या परिस्थितीत थालीपीठ बसत नव्हतं. तरी इतक्या वर्षांत माझ्या वर्गात झालेल्या कामांत मी ते फार वर ठेवते.

कुठल्या वर्गाला कुठली स्पर्धा घ्यावी?

अन्न आणि पोषणाच्या वर्गाला 'न्यूट्रिशन अँड वेलनेस', 'स्पोर्ट्स न्यूट्रिशन' आणि वर सांगितलेली 'फूड इनोव्हेशन्स'. शिवणाच्या वर्गाला 'फॅशन कन्स्ट्रक्शन' आणि 'रीपर्पज अँड रीडिझाइन'. घराच्या मांडणीसाठी 'इंटिरिअर डिझाइन', बालविकासासाठी 'फोकस ऑन चिल्ड्रन', पैशांच्या नियोजनाच्या वर्गाला 'आंत्रप्रेन्युअरशिप' किंवा 'जॉब इंटरव्ह्यू'. स्पर्धांची नावं आणि नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीचं मार्गदर्शन पुस्तक उघडल्याशिवाय वर्गात काही जाहीर करू नका.

नवख्या शिक्षकाने सुरुवात 'रीपर्पज अँड रीडिझाइन'पासून करावी असं मी सांगेन. जुन्या वस्तूपासून नवी वस्तू, सामान घरातलंच. एका मुलाने फाटलेल्या जीन्सची डब्याची पिशवी शिवली. मूळ पँटची बाजूची दुहेरी शिलाई त्याने उसवलीच नाही. तीच पिशवीचा तळ केली, कारण पँटमध्ये सगळ्यात मजबूत जागा ती. मी त्याला हे शिकवलं नव्हतं. शिलाई उलटीपालटी करून बघत तो पंधरा मिनिटं गप्प बसला होता, मग कात्री उचलली.

मराठी घरांत या स्पर्धेसाठी आजीची साडी किंवा जुनं धोतर निघतं आणि गोधडी सुचते. जरूर करा. पण गोधडी करायची तर धावदोऱ्याचे टाके मुलाने स्वतः घालावेत, भारतातून शिवून मागवू नये. असं एकदा झालं आहे.

स्पर्धेचं रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण ते सांगणारा तक्ता, जसंच्या तसं गुणांसाठी वापरायचं का?

मुलांना ते पहिल्याच दिवशी जसंच्या तसं हातात द्या. आपलं काम कशावर तोललं जाणार हे आधी कळणं हा त्यांचा हक्क आहे, आणि परीक्षा झाल्यावर गुण का कापले ते समजण्यापेक्षा हे फार बरं. पण वर्गातले गुण मी त्यावर देत नाही. स्पर्धेचं रुब्रिक १०० गुणांचं असतं आणि त्यात सादरीकरणाचा, आवाजाचा, मांडणीचा वाटा मोठा. ते तिथे योग्यच आहे. वर्गात मात्र जी मुलगी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून आली आणि इंग्रजी बोलताना अडखळते, तिचं काम त्यात झाकलं जातं.

माझी विभागणी अशी: ४० गुण कामाच्या वहीला, त्यात फसलेल्या खेपाही धरून, २५ तयार वस्तूला किंवा पदार्थाला, २० सादरीकरणाला, १५ परीक्षकांचं ऐकल्यावर केलेल्या बदलाला. हे शेवटचे १५ मी मागाहून आणले आणि त्यांचा फायदा सर्वांत जास्त झाला. एरवी सादरीकरण झालं की मुलं फाइल कपाटात टाकतात.

परीक्षक मी बाहेरून बोलावते: शाळेची नर्स, कॅफेटेरियाच्या मुख्य स्वयंपाकीण बाई, गावातले शिलाई दुरुस्तीचं दुकान चालवणारे गृहस्थ. पेनाने ओळ न आखता नुसत्या बोटाने शिवण चाचपून चूक दाखवणारा माणूस समोर आला की मुलं सावरून बसतात.

गटात एकच जण राबतो, बाकीचे नाव लावतात. त्याचं काय?

वही प्रत्येकाची वेगळी. सादरीकरणात कोण काय बोलणार हे मुलं ठरवतात, पण प्रश्न कोणाला विचारायचा हे परीक्षक ठरवतात. एवढ्याने बरंच सुटतं. तिघांपेक्षा मोठा गट मी करत नाही.

आम्ही पालकांनी किती मदत करायची?

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचा मला आदर वाटतो, कारण न विचारता रात्री अकरा वाजता सगळं स्वतःच करून टाकणारेही आहेत. आपण त्याच पद्धतीत वाढलो. विज्ञान प्रदर्शनाचं ज्वालामुखीचं मॉडेल काकांनी केलं आणि आपण फक्त उचलून नेलं, हे कित्येकांचं लहानपण आहे.

एका मुलीच्या 'इंटिरिअर डिझाइन'च्या फाइलमध्ये स्वयंपाकघराचा आराखडा इतका सुबक होता की परीक्षक थांबूनच राहिल्या. त्यांनी विचारलं, "ओट्याची उंची ही का घेतलीस?" मुलगी वडिलांकडे बघायला वळली. वडील खोलीत नव्हतेच, पालकांना आत येऊ देत नाहीत. ती वळलेली मान मी विसरू शकत नाही. मुलगी हुशार होती. त्या आराखड्यावर आठवडाभर तिचा हात असता तर उत्तर तिच्या ओठांवर असतं. ओटा कोणासाठी, उभं राहणाऱ्याचं कोपर कुठे येतं, आजी व्हीलचेअरवर असेल तर काय, हे तिने स्वतः मोजायला हवं होतं.

मदत करायची तर अशी करा. दुकानात घेऊन जा. कच्चा पदार्थ चाखा आणि खरं सांगा. 'छान झालंय गं' म्हणून सोडून देऊ नका, मीठ कमी असेल तर मीठ कमी आहे म्हणा. सादरीकरण दोनदा ऐका, मध्ये टोकू नका. 'हे असंच का केलंस?' एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा. सुरी, शिलाई मशीन, तापलेलं तेल असेल तिथे शेजारी उभे राहा. गोंद, कात्री आणि लॅपटॉपला हात लावू नका.

आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांची मुलाखत घ्यायला सांगा. जात्यावर किती दळत होतात, दूध नासू नये म्हणून काय करत होतात, शाळेचा गणवेश किती वर्षं पुरवत होतात. हे सगळं पहिल्या पायरीचंच काम आहे.

खर्च किती येतो?

वर्गातल्या प्रकल्पाला सभासदत्व लागत नाही. स्पर्धेत जायचं तर सभासद शुल्क, नोंदणी, प्रवास, राहणं आणि औपचारिक पोशाख हा खर्च असतो. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर तो चांगलाच वाढतो. बऱ्याच शाळा निधी जमवतात. पैशांची अडचण असेल तर मार्गदर्शक शिक्षकाला एकट्यात सांगा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

वर्गात माझा नियम: एका प्रकल्पावर १० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही आणि पावती वहीत लावायची. महागडा डिस्प्ले बोर्ड आणणाऱ्याला मी तो परत करायला लावते. मर्यादेत बसवणं हाही आमच्या विषयाचाच भाग आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. 'कलिनरी आर्ट्स'मध्ये मांस हाताळावं लागलं तर?

त्या स्पर्धेत पाककृती आयोजकांकडून येतात आणि त्या बदलता येत नाहीत. मांस असू शकतं. त्यामुळे नाव देण्याआधी मुलाशी आणि शिक्षकांशी स्पष्ट बोला. पोषणाच्या किंवा नव्या पदार्थाच्या स्पर्धेत पूर्ण शाकाहारी काम करता येतं. वर्गात मी पर्याय देते: सुरीची कौशल्यं गाजर-बटाट्यावर, प्रथिनाचा धडा टोफू किंवा पनीरवर. अन्नसुरक्षेचा धडा मात्र सगळ्यांना सारखाच. ४० ते १४० अंश फॅरेनहाइटच्या दरम्यान पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचा नाही. भात आणि वरणही त्यातच आले. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन खाणाऱ्या आपल्या घरांना हा धडा मांसाहारी घरांपेक्षा जास्त लागू पडतो.

मुलगे घेतात का हा विषय?

घेतात. वर सांगितलेला भाकरीचा प्रश्न आणि जीन्सची पिशवी दोन्ही मुलग्यांची.

कॉलेजच्या अर्जाला याचा उपयोग होतो का?

खरं सांगते: पदकासाठी म्हणून मुलाला यात घालू नका. इथे १०० पैकी ९० च्या वर गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला सुवर्ण मिळतं, एकालाच नाही. त्यामुळे नुसतं 'सुवर्णपदक' म्हणून जो गाजावाजा होतो तो मला पटत नाही. ही पद्धत मला स्वतःला फार आवडते, कारण दुसऱ्याला हरवल्याशिवायही चांगलं काम चांगलं ठरतं. अर्जातल्या निबंधात उपयोगी पडते ती ती वही. तुटलेल्या थालीपिठाचा फोटो ज्याच्याजवळ आहे त्याला लिहायला काही शोधावं लागत नाही.

महाराष्ट्रात मी अकरावी-बारावीला आणि पदवीला गृहविज्ञान शिकवते. आमच्याकडे ही संघटना नाही. हे आम्हाला कसं जमणार?

संघटना लागत नाही. पाच पायऱ्या लागतात, आणि आधीच छापलेल्या प्रात्यक्षिक वहीतून थोडं बाहेर पडायची तयारी लागते. आम्ही कॉलेजात असताना वरच्या वर्गातल्या ताईंची वही उतरवून काढत होतो; तीच आकृती, तेच निष्कर्ष, नुसती तारीख बदललेली. त्या वहीतलं मला आज एक पानही आठवत नाही.

वर्गात ६० मुली आणि मिक्सर एक, हे मला माहीत आहे. म्हणून तिघींचे वीस गट करा आणि सगळ्यांना एकच प्रश्न द्या. ज्वारी स्वस्त असूनही हॉस्टेलवरच्या मुलींच्या ताटात ती का येत नाही, असा. चार गटांनी हॉस्टेलमध्ये जाऊन विचारपूस करावी, चार गटांनी बाजारभाव बघावेत, उरलेल्यांनी आळीपाळीने पदार्थ करून बघावेत. मिक्सर एकाच वेळी सगळ्यांना लागत नाही.

स्पर्धेची तारीख मुलांना जागं ठेवते, तशा तारखा तिकडेही आहेत. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय पोषण माह असतो, २०१८ पासून. त्या महिन्यात पौष्टिक पाककृतींच्या स्पर्धा शाळांत, अंगणवाड्यांत, महाविद्यालयांत ठिकठिकाणी होतात. बहुतेक वेळा मुली आदल्या रात्री आईकडून पदार्थ करून आणतात आणि परीक्षक सजावट बघून नंबर काढतात. त्याऐवजी ऑगस्टपासून वर्गात तीन खेपा करायला लावा, प्रत्येक खेपेचं वजन, खर्च आणि चव लिहायला लावा, आणि सप्टेंबरमध्ये पदार्थाच्या शेजारी ती वही ठेवा. परीक्षकांनी वही उघडली नाही तरी हरकत नाही, तुम्ही उघडा. पदवीच्या मुलींसाठी विद्यापीठांचा 'आविष्कार' संशोधन महोत्सव आहे, २००६ पासून. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांनाही पोस्टर किंवा मॉडेल मांडता येतं. वर्गात ६० जणींनी केलेल्या कामातून एक पोस्टर सहज उभं राहतं, आणि त्यावर कोणाकोणाची नावं येणार हे आधीच वर्गासमोर ठरवा, नंतर रुसवेफुगवे नकोत.

अंतर्गत गुणांत वहीला वाटा देण्याबद्दल विभागप्रमुखांशी एकदा बोलून घ्या. नियमात जागा असते. विचारत कोणी नाही.

सगळं पटलं. सोमवारी वर्गात नेमकं काय करू?

कोरा कागद द्या. फळ्यावर लिहा: 'घरात, शाळेत किंवा रस्त्यात या आठवड्यात मला काय खटकलं?' दहा मिनिटं. कोणी वाचून दाखवायचं नाही, नाव घालायचं नाही. कागद गोळा करून घरी घेऊन जा आणि सगळे वाचा. माझ्या मागच्या वर्षीच्या गठ्ठ्यात एक ओळ होती: 'आई दोन कामं करते आणि उभ्याने जेवते.' त्याखाली रेघ मारून त्याच मुलाने लिहिलं होतं, 'पोळ्या मला येत नाहीत.' मंगळवारी आम्ही उद्दिष्ट लिहायला बसलो ते त्या कागदावरून.